अडनिड्या वयाच्या कादंबऱ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं एक वाचनगट चालवते. गटात तेरा ते अठरा वयाची मुलं असतात, आणि गट सुटायच्या वेळी दाराशी त्यांचे आईबाप. मुलांचे प्रश्न गटातच निकालात निघतात, कारण मुलं एकमेकांनाच उत्तरं देतात. आईबापांचे प्रश्न मात्र घाईत, निघता निघता, आवाज थोडा खाली आणून विचारलेले असतात, आणि त्यांना नीट उत्तर द्यायला कधीच वेळ मिळत नाही. ते इथे एकत्र केले आहेत. मुलांचेही दोनतीन घेतले आहेत, कारण ते जास्त चांगले होते.

अडनिड्या वयाची कादंबरी म्हणजे नेमकं काय? नायक शाळकरी असला की झालं?

नाही. रहस्यकथांतली शाळकरी मुलं चोर पकडतात, गुप्त खजिने शोधतात, आणि पहिल्या पानावर असतात तशीच शेवटच्या पानावरही असतात. इथे तसं चालत नाही. मूल एखादी समजूत उराशी धरून कादंबरीत शिरतं आणि बाहेर पडताना ती समजूत शाबूत नसते. बहुतेकदा ती मोठ्यांबद्दलची असते: यांना सगळं कळतं, हे सांगतात तसंच वागतात.

वयाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटना 10 ते 19 या वयाला किशोरवय म्हणते. कादंबरी ही मोजपट्टी पाळत नाही. शार्लट ब्राँटेची 'जेन एअर' सुरू होते तेव्हा जेन दहा वर्षांची आहे, आणि 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर आपण पंचवीस वर्षांचे आहोत म्हणून सांगतो. दोघंही अडनिड्या वयातलेच. हा शब्द मला 'किशोरवयीन'पेक्षा जवळचा वाटतो, कारण त्यात अवघडलेपण आहे. लहानांत बसवलं तर गुडघे वर येतात, मोठ्यांत बसवलं तर पाय जमिनीला टेकत नाहीत.

हा प्रकार कधीपासूनचा?

समीक्षेत याला 'बिल्डुंग्सरोमान' असा जर्मन शब्द आहे, म्हणजे साधारण 'घडण्याची कादंबरी'. कार्ल मॉर्गनस्टर्न या प्राध्यापकाने 1819च्या सुमारास आपल्या व्याख्यानांत तो वापरला, पुढे तत्त्वज्ञ विल्हेल्म डिल्टायमुळे तो रुळला. नमुना म्हणून दाखवली जाते ती जर्मन लेखक गटेची 'विल्हेल्म मायस्टर', 1795-96ची. व्यापाऱ्याचा मुलगा नाटकाच्या नादी लागतो, भटकतो, चुकतो, आणि अखेर जगात आपली जागा धरतो. एकोणिसाव्या शतकात हा साचा चांगलाच चालला. भरकटायचं, ठेचा खायच्या, मार्गी लागायचं.

विसाव्या शतकात यातलं 'मार्गी लागणं' गळून पडलं. आज 'बिघडलेल्या पोराची कादंबरी' म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं ते मुख्यतः 1951 साली आलेल्या सॅलिंजरच्या 'द कॅचर इन द राय'नंतरचं आहे.

इथे एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. किशोरवयाला 'वादळी वय' म्हणण्याची सवय लावली ती अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली हॉलने, 1904च्या आपल्या दोन खंडी ग्रंथातून. पण हे 'वादळ आणि तणाव' त्याने उसनं घेतलं होतं 1770च्या दशकातल्या एका जर्मन साहित्यचळवळीच्या नावावरून, आणि त्या चळवळीतला बिनीचा गडी होता तरुण गटे. म्हणजे मुलांच्या डोक्यात वादळ असतं हे शास्त्राने कादंबरीवाल्यांकडून ऐकलं.

नायक नेहमी बिघडलेलाच का? गुणी मुलांवर कुणी लिहीत नाही का?

लिहितात, पण त्या कादंबऱ्या लवकर संपतात. घरात सरळ चालत जाणाऱ्याला उंबरठा दिसत नाही. ठेच लागलेल्याला तो किती उंच आहे, कुणी घातला आणि का घातला, हे सगळं विचारावंसं वाटतं.

शिवाय 'बिघडलेला' हा शेरा मारला कुणी तेही बघा. शाळेने, घराने, शेजारच्यांनी. त्यांची बाजू प्रगतिपुस्तकात लिहिलेली असतेच. कादंबरी दुसरी बाजू ऐकून घेते. ऐकून घेते म्हणजे मान्य करते असं नाही, आणि इथेच बऱ्याच पालकांची गल्लत होते.

या मुलांना नेमकं झालेलं काय असतं?

या एका प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला बसले, त्यामुळे जरा सविस्तर.

'द कॅचर इन द राय' वाचलेल्या दहाजणांना होल्डन कॉलफील्डला काय झालंय विचारलं, तर निम्मेअधिक सांगतील की तो उद्धट आहे, शाळेतून काढलेला आहे, सगळ्या जगाला ढोंगी म्हणतो. हे सगळं त्याच्या तोंडचं. तोंडाने तो पानापानाला बोलतच असतो. पण पुस्तकात एक छोटी जागा आहे. खोलीतला मित्र त्याला स्वतःसाठी एक निबंध लिहून द्यायला सांगतो. कशावरही चालेल, एखादी खोली, एखादं घर, फक्त वर्णन हवं. होल्डन लिहितो ते आपल्या धाकट्या भावाच्या बेसबॉलच्या हातमोज्यावर. भाऊ डावखुरा. मैदानात उभं असताना, कुणी फलंदाजीला आलेलं नसेल तेव्हा वाचायला काहीतरी हवं, म्हणून त्याने मोज्याच्या बोटांवर हिरव्या शाईने कविता लिहून ठेवल्या होत्या. आणि मग, जाता जाता सांगावं तसं, होल्डन सांगतो की भाऊ रक्ताच्या कर्करोगाने गेला, आणि त्या रात्री आपण गॅरेजमध्ये झोपलो आणि तिथल्या सगळ्या काचा मुठीने फोडल्या. होल्डन तेव्हा तेरा वर्षांचा होता. मोटारीच्याही काचा फोडायच्या होत्या, पण तोवर हात मोडला होता. अजून पाऊस आला की तो हात दुखतो आणि मूठ पक्की वळत नाही.

मित्र निबंध वाचतो आणि वैतागतो: घर सांगितलं होतं, हातमोजा काय लिहिलास? होल्डन कागद फाडून टाकतो.

बस, एवढंच. पुढे शेकडो वेळा तो जगाला शिव्या घालतो, पण 'भाऊ गेल्यापासून मला जगता येईनासं झालंय' असं वाक्य कुठेही म्हणत नाही. म्हणून मी गटातल्या मुलांना सांगते की या पात्रांच्या तोंडाकडे फार बघू नका, हातांकडे बघा. तोंड लपवतं. हात काय फोडतात, काय जपून ठेवतात, काय लिहितात आणि फाडतात, ते बघत गेलं की कादंबरी उघडते.

'कोसला'तही असंच एक मरण आहे, पांडुरंगच्या धाकट्या बहिणीचं, मनीचं. इतका वेळ सगळ्याची टर उडवणारा हा निवेदक तिथे आला की टर उडवायचं त्याला सुचत नाही. त्यानंतरची पानं मी आजवर एका बैठकीत वाचू शकलेले नाही.

सगळ्याच कादंबऱ्यांत मरण असतं असं मात्र नाही. कधी गरिबी असते, कधी पिणारा बाप, कधी नुसतं एकटेपण, आणि कधी काहीच नसतं. 'काहीच झालेलं नाही तरी काहीतरी झालंय' हे लिहायला सर्वांत अवघड, आणि खऱ्या आयुष्यात सर्वांत जास्त आढळणारं.

निवेदक थापा मारतो, वाढवून सांगतो. मग त्याच्यावर विश्वास का ठेवायचा?

(हा एका चौदा वर्षांच्या मुलीचा प्रश्न.) ठेवू नये. वेन बूथ या समीक्षकाने 1961 साली अशा सांगणाऱ्यासाठी 'अविश्वसनीय निवेदक' अशी संज्ञा रूढ केली. होल्डन तर स्वतःच सांगतो की आपण पक्के थापाडे आहोत. वाचायची मजा थापेच्या मागे काय झाकलंय ते हुडकण्यात आहे.

पण वाढवून सांगणं म्हणजे दरवेळी खोटं बोलणंही नव्हे. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने 1967 साली एक निरीक्षण मांडलं: या वयात मुलांना वाटतं की आपल्यासमोर कायम एक प्रेक्षागृह भरलेलं आहे आणि सगळ्यांची नजर आपल्यावर आहे. नाकावरची एक पुटकुळी सगळ्या शाळेला दिसते. त्याला जोडून आणखी एक समजूत असते, की माझ्यासारखं आजवर कुणाला झालेलंच नाही. कादंबरीचा 'मी' याच दोन समजुतींवर उभा असतो. निवेदक 'सगळे माझ्याकडे बघत होते' म्हणतो तेव्हा तो खरंच तसं अनुभवत असतो, बघत कुणीच नसलं तरी.

आणखी एक गोष्ट तपासत चला: भोगणारा आणि सांगणारा यांच्या वयात अंतर किती आहे? जेन एअर मोठी होऊन मागे वळून सांगते, त्यामुळे तिच्या आवाजात समज आहे. होल्डन जेमतेम वर्षभरापूर्वीचं सांगतोय, जखम ओलीच आहे. मिलिंद बोकीलांच्या 'शाळा'त नववीतला मुकुंद जोशी इतक्या जवळून बोलतो की आणीबाणीचा काळ त्याच्या कानांवरून जातो, आणि वाचकाला मात्र ऐकू येतो. अंतर जितकं कमी, तितकं वाचकाला स्वतः जास्त जोडून घ्यावं लागतं.

मुलींच्या कादंबऱ्या वेगळ्या असतात का?

जुन्या तरी होत्या. मुलगा बिघडला की तो घराबाहेर पडतो, रस्त्यावर, नदीवर, मोठ्या शहरात. मुलगी बिघडली की तिला खोलीत कोंडतात. चौदा वर्षांचा मामेभाऊ जॉन रीड जेनला पुस्तक फेकून मारतो, ती पडते, डोक्यातून रक्त येतं, ती उलटून त्याच्यावर धावून जाते, आणि शिक्षा होते तिला. बंद खोलीची.

दोनेक महिन्यांनी शाळेचा कडक धर्मगुरू तिला विचारतो की नरकात जायचं नसेल तर काय करावं लागेल? जेन विचार करून सांगते: तब्येत सांभाळावी लागेल आणि मरायचं नाही. माझ्या गटात हे वाचल्यावर दरवेळी हशा होतो, आणि तो मुलींच्या बाजूने आधी येतो.

लेखिकांनाही हे चुकलं नाही. 'जेन एअर' 1847 साली करर बेल या टोपणनावाने आली. बरोबर 120 वर्षांनी, 1967 साली, एका अमेरिकी मुलीने रस्त्यावर हाणामाऱ्या करणाऱ्या मुलांची गोष्ट लिहिली, 'द आउटसायडर्स'. लिहायला घेतली तेव्हा ती शाळेत होती, छापून आली तेव्हा अठरा वर्षांची. नावाची फक्त आद्याक्षरं छापली गेली, एस. ई. हिंटन, म्हणजे मुलांच्या टोळ्यांबद्दल एक मुलगी लिहितेय हे बघून कुणी नाक मुरडायला नको.

मोठी माणसं या पुस्तकांत इतकी वाईट का असतात?

वाईट नसतात, अपुरी असतात. कामात असतात, थकलेली असतात, चुकीच्या वेळी बरोबर सल्ला देतात. खरोखरचा खलनायक मास्तर दिसला की मी सावध होते. लेखकाने सोपी वाट धरलेली असते.

शेवटी मूल सुधारतं का?

बहुतेकदा नाही, आणि जिथे झटक्यात सुधारतं ते पुस्तक मी दुसऱ्यांदा हातात घेत नाही. समुपदेशकाचं एक भाषण, डोळ्यांत पाणी, आईच्या गळ्यात पडणं, परीक्षेत पहिला नंबर. कुणाचं असं होतं?

चांगल्या कादंबरीत होतं ते यापेक्षा लहान असतं: मुलाला सांगता येऊ लागतं. 'द आउटसायडर्स'मधला चौदा वर्षांचा पोनीबॉय मित्र गमावून बसलाय आणि इंग्रजीत नापास होण्याच्या बेतात आहे. शिक्षक म्हणतात, एक चांगला निबंध लिहून आण, पास करतो. तो लिहायला बसतो, आणि त्याने लिहिलेलं पहिलं वाक्य म्हणजे या कादंबरीचंच पहिलं वाक्य. आपण वाचलं तो तोच निबंध होता. त्याची परिस्थिती बदललेली नाही, गेलेली माणसं परत आलेली नाहीत. पण होल्डनने जो कागद फाडला, तो याने लिहून पुरा केला.

शिव्या, सिगारेट, दारू, शारीरिक आकर्षण. हे मुलांना वाचायला द्यायचं?

अमेरिकेतल्या काँकर्डच्या सार्वजनिक ग्रंथालयाने 1885 साली मार्क ट्वेनची 'हकलबरी फिन' असभ्य म्हणून बाहेर काढली. पुस्तक आजही वाचलं जातंय. मुलांपासून पुस्तक दूर ठेवण्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे ते त्यांना गृहपाठ म्हणून देणं. बंदी घातली की ते रात्रीत वाचून होतं.

माझा स्वतःचा नियम साधा आहे. तेरा-चौदाच्या मुलाच्या हाती पुस्तक देण्याआधी मी ते पूर्ण वाचते. पुस्तकात वाईट गोष्ट घडते का हा माझा निकष नाही, घडल्यावर तिचं ओझं कुणाला जाणवतं का हा आहे. मारहाण चविष्ट करून सांगणारी सभ्य भाषेतली पुस्तकंही मी बाजूला ठेवली आहेत.

आत्महत्येचा विषय असेल तर? वाचून मुलाच्या मनात तसं येईल का?

भीती निराधार नाही, म्हणून थट्टेवारी नेऊ नये. 1774 साली गटेची 'वेर्थर' आली, तिच्यातला तरुण प्रेमभंगाने जीव देतो. अनुकरणाच्या भीतीने 1775 साली लाइपझिगमध्ये तिच्यावर बंदी आली. पुढे 1974 साली समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्सने वृत्तपत्रांतल्या आत्महत्येच्या बातम्यांचा परिणाम अभ्यासला आणि त्याला नाव दिलं 'वेर्थर परिणाम'. पुन्हा कादंबरीकडूनच उसनं!

याची दुसरी बाजूही आहे. 2010 साली ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी 'पापागेनो परिणामा'बद्दल लिहिलं. मोझार्टच्या संगीतिकेत पापागेनो जीव द्यायला निघतो आणि तीन मुलगे त्याला दुसरी वाट दाखवतात. संकटातून कुणी कसं निभावलं याची हकिकत माणसाला तारू शकते, असा त्यांच्या निरीक्षणाचा रोख. तेव्हा पुस्तक बघताना हे बघा: मरण सुंदर, धाडसी किंवा सूड म्हणून रंगवलंय का? पद्धत तपशिलात सांगितलीय का? मागे राहिलेल्यांचं काय झालं ते दाखवलंय का?

आणि मूल खरोखरच खचलेलं वाटत असेल तर पुस्तकाचा विषय सोडा आणि सरळ विचारा: तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का? विचारल्याने ते डोक्यात भरत नाहीत. उत्तर 'हो' असेल, किंवा मूल मरणाबद्दल बोलत असेल, निरोप घेतल्यासारखं वागत असेल, तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा. इथे कादंबरी पुरत नाही.

'यंग अडल्ट' म्हणून दुकानात जे मिळतं ते हेच का?

काही आहे, सगळं नाही. तो विक्रीचा कप्पा आहे, वाचक कोण यावर ठरलेला. हा कथेचा प्रकार आहे.

माझी मुलगी एकच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचते. काळजी करावी का?

जेवते, झोपते, मैत्रिणी आहेत, हसते? मग वाचू द्या. पुस्तक काढून घेऊ नका आणि 'यात तुला काय आवडतं?' अशी उलटतपासणीही घेऊ नका. तुम्ही ते वाचा आणि तिला दिसेल असं ठेवा, एवढं पुरतं.

आमच्या गटात एक मुलगी वर्षभर एक अक्षर बोलली नाही. पुस्तकं मात्र नेमाने न्यायची आणि आणायची. एकदा तिने परत केलेलं पुस्तक मी कपाटात ठेवताना उघडलं, तर एका पानाचा कोपरा दुमडलेला होता आणि नंतर बोटाने दाबून सपाट केलेला. त्या पानावर एक मुलगी वडिलांच्या पावलांच्या आवाजावरून ओळखते की आज बोलायचं की नाही. मी तिला काही विचारलं नाही. पुढच्या वेळी तसंच दुसरं पुस्तक तिच्यासाठी वर काढून ठेवलं. चौथ्या पुस्तकाला ती थांबली, म्हणाली, "बाई, याच्यात पण बाबा आहेत का?" तिथून पुढे आम्ही बोललो, आणि नंतर ज्यांनी बोलायला हवं होतं तेही बोलले.

मी चाळिशी ओलांडली. आता हे वाचून काय मिळणार?

दुसरंच पुस्तक मिळेल. 'द कॅचर इन द राय'च्या सुरुवातीला होल्डन आपल्या म्हाताऱ्या इतिहासाच्या शिक्षकांचा निरोप घ्यायला जातो. ते आजारी आहेत, घरातल्या कपड्यांत खुर्चीत बसलेत, खोलीभर औषधाचा वास आहे, आणि ते त्याचाच नापास झालेला पेपर त्याला मोठ्याने वाचून दाखवतात. सोळाव्या वर्षी मी हे वाचलं तेव्हा मला होल्डनसारखाच त्या खोलीतून पळ काढायचा होता. म्हातारा किती छळतो, एवढंच दिसलं होतं.

मध्यंतरी गटासाठी पुन्हा वाचलं. शिक्षक मांडीवरचं मासिक शेजारच्या पलंगावर टाकायला जातात. पलंग अगदी हाताशी आहे, अंतर दोन इंचांचं, तरी नेम चुकतो आणि मासिक खाली पडतं. मनातल्या मनात त्यांना नावं ठेवणारा, चार विषयांत नापास झालेला तो पोरगा उठतो, मासिक उचलतो आणि पलंगावर ठेवतो.